निलंग्याची सीमा आणि युरोपचा धडा

एप्रिल २०२०च्या पहिल्या आठवड्यात लातूर जिल्ह्यातील पहिले करोनाबाधित निलंग्यात आढळले, तेव्हा त्यांपैकी एकही जण लातूर जिल्ह्याचा रहिवासी नव्हता. हरियाणातून आंध्र प्रदेशातील कर्नूलकडे निघालेले १२ प्रवासी, देशभर टाळेबंदी लागू असताना, अनेक राज्यांच्या सीमा ओलांडत निलंग्यास येऊन थांबले होते. तपासणीअंती त्यांपैकी आठ जणांना लागण झाल्याचे निष्पन्न झाले. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत त्यांच्यावर उपचार झाले आणि ते बरे झाले. घटना एवढीच. त्या वेळी तिच्याविषयी जे बोलले गेले त्यातील बराचसा भाग विसरून जाण्याच्याच योग्यतेचा होता. परंतु तिने उभा केलेला प्रशासकीय प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. प्रवास सुरू झाला एका राज्यात, घरे दुसऱ्या राज्यात, आजार उघडकीस आला तिसऱ्या राज्यात. अशा रुग्णाची जबाबदारी नेमकी कोणाची? त्याची माहिती कोणी कोणाला, किती तासांत कळवायची? त्याच्या उपचाराचा खर्च कोणत्या खात्यातून व्हायचा?

निलंग्याच्या दृष्टीने हे प्रश्न पुस्तकी नाहीत. तालुक्याची पूर्व व दक्षिण बाजू कर्नाटकाला भिडलेली आहे. औराद शहाजानी किंवा कासारशिरसीच्या परिसरात शेत एका राज्यात आणि बाजार दुसऱ्या राज्यात हा नित्याचा व्यवहार आहे. वास्तविक ही सीमा तशी अलीकडची. निजामाच्या राजवटीत आणि त्यानंतर १९५६पर्यंत निलंगा, उदगीर व अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला. त्यान्वये हे तीन तालुके वगळून उर्वरित बीदर जिल्ह्याचा बराचसा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि हे तीन तालुके मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. पुढे १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला. भालकी, बसवकल्याण, औराद या भागांशी असलेल्या सोयरिकी मात्र कायद्याच्या कलमाने तुटल्या नाहीत. आजही बीदर जिल्ह्यातील रुग्ण उदगीर-लातूरच्या दवाखान्यांत येतात, आणि इकडचा रुग्ण गंभीर झाला की नातेवाईक कधी सोलापूरचा तर कधी बीदरवरून हैदराबादचा रस्ता धरतात. सीमा या भागात केवळ सरकारी कागदपत्रांना ओलांडता येत नाही.

नेमका हाच अनुभव त्याच सुमारास युरोपला येत होता. फेब्रुवारी-मार्च २०२०मध्ये इटलीत रुग्णालये भरून वाहू लागली, तेव्हा त्या देशाने युरोपीय संघाच्या नागरी संरक्षण यंत्रणेमार्फत मुखपट्ट्या व साहित्याची मागणी केली. प्रारंभी एकाही सदस्य देशाने प्रतिसाद दिला नाही. उलट जर्मनीने संरक्षक साहित्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि फ्रान्सने मुखपट्ट्यांचा देशातील साठा सरकारी ताब्यात घेतला. एकच बाजारपेठ, एकच चलन आणि खुल्या सीमा यांचा डांगोरा सात दशके पिटणाऱ्या खंडाचे हे वर्तन होते. पुढे एप्रिलमध्ये युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांना युरोपीय संसदेत इटलीची जाहीर क्षमा मागावी लागली.

तथापि त्याच मार्च महिन्याच्या अखेरीस दुसरेही एक चित्र दिसले. फ्रान्सच्या अल्सेस भागातील रुग्णालयांत श्वसनयंत्रे अपुरी पडू लागली, तेव्हा ऱ्हाइन नदीपलीकडच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याने अत्यवस्थ फ्रेंच रुग्णांसाठी खाटा देऊ केल्या. त्या दिवसांत जर्मनीने फ्रान्सलगतची सीमा सर्वसामान्य प्रवाशांना जवळपास बंद केली होती. निरोगी माणसाला पूल ओलांडता येत नव्हता, रुग्णवाहिकेला मात्र येत होता. हा फरक कशामुळे पडला? ऱ्हाइनच्या दोन्ही काठांवरील रुग्णालये, विमा संस्था आणि स्थानिक प्रशासन यांच्यात सीमापार उपचारांसंबंधीचे करार आणि परिचय साथीच्या कितीतरी आधीपासून होते. पॅरिस आणि बर्लिन एकमेकांच्या तोंडाकडे पाहत असताना सीमेवरच्या डॉक्टरांना पलीकडे दूरध्वनी कोणाला करायचा हे ठाऊक होते. युरोपच्या अनुभवातील हीच बाब मराठवाड्याच्या उपयोगाची आहे, आणि तिच्याकडेच आपल्याकडे सर्वात कमी लक्ष गेले आहे.

याहून बोलके उदाहरण पायरेनीज पर्वतराजीतील सेरदान्या खोऱ्याचे. १६५९च्या तहाने हे खोरे स्पेन व फ्रान्स यांच्यात विभागले गेले. भाषा एक, नाती एक, शासन दोन, असे तिथले जीवन त्यानंतर साडेतीनशे वर्षे चालले. फ्रेंच बाजूच्या रहिवाशांना मोठ्या रुग्णालयासाठी घाट उतरून सुमारे शंभर किलोमीटरवरील पर्पिन्यां गाठावे लागे. हिवाळ्यात बर्फ पडले की तेही अवघड. २०१४ साली खोऱ्यातील पुचसर्दा या स्पॅनिश बाजूच्या गावी दोन्ही देशांचे मिळून एक रुग्णालय सुरू झाले. बांधकामाच्या खर्चाचा मोठा वाटा युरोपीय प्रादेशिक विकास निधीने उचलला आणि चालू खर्च कॅटलोनिया व फ्रान्स यांनी साधारण ६०:४० या प्रमाणात वाटून घेतला. सुमारे ३० हजार वस्तीच्या खोऱ्यासाठीचे हे लहानसे रुग्णालय उभे करताना आलेल्या अडचणी मात्र मोठ्या मासलेवाईक होत्या. फ्रेंच आईबापांचे मूल स्पेनच्या भूमीवर जन्मले तर जन्मनोंद कुठे करायची? रुग्ण दगावला तर पार्थिव सीमेपलीकडे नेण्यास कोणाचा परवाना लागेल? एका देशाची पदवी घेतलेल्या डॉक्टरला दुसऱ्या देशाच्या रुग्णावर उपचार करण्याचा अधिकार कसा द्यायचा? हे सारे प्रश्न एकेक करून, कंटाळवाण्या बैठकांतून सोडवले गेले. सहकार्याच्या घोषणा करणाऱ्यांनी या कंटाळवाण्या भागाचाच अभ्यास करावयास हवा.

सदस्य देशांची आरोग्यसेवा ही त्या त्या देशाचीच जबाबदारी आहे, हे तत्त्व युरोपीय संघाच्या मूळ करारातच नमूद आहे. म्हणजे या बाबतीत ब्रसेल्सचे हात दिल्लीपेक्षाही अधिक बांधलेले. तरीही २०२० नंतर संघाने या चौकटीत राहून बरेच काही केले. नोव्हेंबर २०२०मध्ये ‘युरोपीय आरोग्य संघा’ची संकल्पना मांडली गेली. सप्टेंबर २०२१मध्ये आरोग्य आणीबाणीच्या पूर्वतयारीसाठी ‘हेरा’ हे प्राधिकरण निर्माण झाले. सीमापार आरोग्य संकटांविषयीचा नियम २०२२मध्ये संमत झाला. त्यानुसार प्रत्येक देशाने आपला पूर्वतयारीचा आराखडा तयार ठेवायचा आणि त्याची वेळोवेळी तपासणी होऊ द्यायची. लशींची खरेदी २७ देशांनी एकत्रितपणे केली. छोट्या माल्टाला आणि बलाढ्य जर्मनीला एकाच करारातून मात्रा मिळाल्या.

यात डाग नाहीत असे नाही. लसखरेदीच्या वाटाघाटींतील गुप्ततेवरून आयोगावर सातत्याने टीका झाली. आयोगाच्या अध्यक्षांनी फायझरच्या प्रमुखांशी केलेल्या संदेशांच्या देवाणघेवाणीची माहिती नाकारण्याचा आयोगाचा निर्णय संघाच्या सामान्य न्यायालयाने मे २०२५मध्ये रद्द ठरवला. आरोग्य कार्यक्रमासाठी मंजूर झालेल्या सुमारे ५.३ अब्ज युरोंपैकी एक अब्ज युरो २०२४ साली अन्य प्राधान्यांसाठी कापण्यात आले. भीती ओसरली की तिजोरीचे दार पुन्हा बंद होते, हा अनुभव युरोपलाही चुकलेला नाही.

भारतात काय घडले? एका देशातील राज्ये असल्याने आपल्याकडे सहकार्य अधिक सुलभ असावयास हवे होते. प्रत्यक्षात मार्च २०२०मध्ये कर्नाटकाने केरळच्या कासरगोड जिल्ह्यालगतचे रस्ते मातीचे ढिगारे टाकून बंद केले. उपचारांसाठी मंगळूरवर अवलंबून असलेल्या कासरगोडच्या रुग्णांची वाट त्यामुळे अडली. रुग्णवाहिका सोडण्यासाठी केरळ उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथे, केंद्राच्या मध्यस्थीने, कोणत्या रुग्णांना प्रवेश द्यायचा याचे निकष एप्रिलमध्ये ठरले. मे २०२०मध्ये कर्नाटकाने महाराष्ट्रासह चार राज्यांतून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत प्रवेश नाकारला. फेब्रुवारी २०२१मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडून ७२ तासांच्या आतील आरटी-पीसीआर चाचणीचा अहवाल मागण्यास सुरुवात झाली आणि मराठवाड्यातून बीदरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर तपासणी नाके उभे राहिले. मे २०२१मध्ये तेलंगणाने आंध्रच्या रुग्णवाहिका सीमेवर रोखल्या, तेव्हा तेथील उच्च न्यायालयानेच त्यास स्थगिती दिली.

या प्रत्येक प्रसंगी राज्यांना दोष देणे सोपे आहे. आपल्या नागरिकांसाठी खाटा राखून ठेवणे ही कोणत्याही मुख्यमंत्र्याची स्वाभाविक प्रतिक्रिया असते. जर्मनीने तरी वेगळे काय केले? मुद्दा असा की ही प्रतिक्रिया उमटण्यापूर्वीच काही व्यवस्था लिहून ठेवलेली नव्हती. त्यामुळे जो निर्णय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या पातळीवर अर्ध्या तासात व्हायचा, तो न्यायमूर्तींसमोर गेला. करोनाने देशात घेतलेला पहिला बळी या संदर्भात आठवावा. मार्च २०२०मध्ये कलबुर्गीच्या एका वृद्ध रुग्णाला उपचारांसाठी हैदराबादला नेण्यात आले होते. तेथून परत आणले जात असता त्यांचा मृत्यू झाला आणि लागण झाली असल्याचा अहवाल त्यानंतर आला. भारतातील साथीचा पहिला मृत्यूच दोन राज्यांच्या आरोग्य यंत्रणांमधल्या रस्त्यावर झाला, असे म्हणावे लागेल. कलबुर्गी निलंग्यापासून फार लांब नाही.

लशींच्या बाबतीत तर विरोधाभास अधिकच ठळक होता. ज्या काळात युरोपातील २७ सार्वभौम देश एकत्र खरेदी करीत होते, त्याच काळात, म्हणजे १ मे २०२१पासून, भारतातील राज्यांना १८ ते ४४ वयोगटासाठी लस स्वतंत्रपणे विकत घेण्यास सांगण्यात आले. महाराष्ट्र, कर्नाटक आणि इतर राज्ये, एवढेच काय मुंबई महापालिकाही, जागतिक निविदा काढून एकाच मालासाठी एकमेकांशी स्पर्धा करू लागली. विदेशी कंपन्यांनी राज्यांशी व्यवहार करण्यात रस दाखवला नाही. अखेर ७ जून २०२१ रोजी पंतप्रधानांनी हे धोरण बदलल्याची घोषणा केली आणि २१ जूनपासून खरेदी पुन्हा केंद्राकडे आली. प्राणवायूचीही तीच कथा. कर्नाटक उच्च न्यायालयाने राज्याचा कोटा वाढवण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला आणि शेवटी वाटपाची पद्धत ठरवण्यासाठी न्यायालयानेच १२ सदस्यांचे राष्ट्रीय कृती दल नेमले. अर्थात, त्याच एप्रिलमध्ये कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन विशाखापट्टणमला गेलेली पहिली ‘ऑक्सिजन एक्स्प्रेस’ महाराष्ट्रात भरून परतली, हेही नोंदवावयास हवे. ज्या लातूरने २०१६च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी पाहिले आहे, त्याला अशा मदतीचे मोल सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु रेल्वेगाडी ही आणीबाणीची सोय झाली.

मग कायदा काय म्हणतो? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यांचा विषय आहे. मात्र समवर्ती सूचीतील २९वी नोंद मुद्दाम पाहण्यासारखी आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात संसर्गजन्य रोग पसरण्यास प्रतिबंध करणे हा विषय घटनाकारांनी केंद्र व राज्ये या दोघांकडे दिला. निलंग्यात एप्रिल २०२०मध्ये जे घडले त्याचे वर्णन या एका ओळीत आहे. दुर्दैवाने त्या ओळीवर आधारलेला आधुनिक कायदा मात्र झाला नाही. मार्च २०२०मध्ये महाराष्ट्राने लागू केला तो १८९७चा साथरोग कायदा. मुंबईच्या प्लेगच्या धास्तीने केलेला, अवघ्या चार कलमांचा. त्याच वर्षी व्हेनिस येथे युरोपीय देशांची आरोग्य परिषद भरली होती आणि तिचाही विषय प्लेगच होता. तेथून युरोपने परिषदा, करार आणि संस्था यांची वाट धरली. आपण त्या चार कलमांवर सव्वाशे वर्षे काढली. २०२०च्या दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना कठोर शिक्षा आली, बसगाड्या व रेल्वेच्या तपासणीचे अधिकार केंद्राला मिळाले; राज्याराज्यांतील समन्वयाची पद्धत मात्र आली नाही. २०१७ साली तयार झालेले सार्वजनिक आरोग्य विधेयक मसुद्यापुढे गेले नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६व्या अहवालात हा कायदा अपुरा असल्याचे स्पष्टपणे सांगितले आणि त्याच वर्षी नीती आयोगाच्या तज्ज्ञगटाने आरोग्य आणीबाणीसाठी नव्या कायद्याची शिफारस केली.

राज्यांच्या आपसातील विषयांसाठी विभागीय परिषदा आहेत, असे उत्तर यावर दिले जाते. परंतु महाराष्ट्र पश्चिम विभागीय परिषदेत आहे, तर कर्नाटक आणि तेलंगणा दक्षिण विभागीय परिषदेत. म्हणजे लातूर-नांदेडचे शेजारी जिल्हे ज्या मेजाभोवती बसतात, त्या मेजाशी लातूर-नांदेडची खुर्चीच नाही. १९५६च्या ज्या कायद्याने बीदर जिल्हा विभागला, त्याच कायद्याने या परिषदा निर्माण केल्या, हा योगायोग म्हणावा काय? दोन परिषदांच्या संयुक्त बैठकीची तरतूद त्या कायद्यात आहे. तिचा उपयोग आरोग्यासाठी करण्याचे कोणाच्या मनात येत नाही, कारण महाराष्ट्र-कर्नाटक म्हटले की डोळ्यासमोर येतो तो सीमावादच.

त्या वादाची सावली आरोग्यावर कशी पडते, याचे उदाहरण २०२३ साली दिसले. महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ कर्नाटकातील ८६५ मराठीभाषक गावांना देण्याचा निर्णय घेतला. बेळगाव, कारवार, कलबुर्गी आणि बीदर हे जिल्हे त्यात आले. हेतू चांगला असेल. परंतु ही मदत भाषेच्या निकषावर आणि शेजारच्या राज्याशी करार न करता दिली गेली. कर्नाटकाने त्यास विरोध केला आणि उपचारांचा विषय पुन्हा अस्मितेच्या रकान्यात गेला. सेरदान्याच्या खोऱ्यातही कॅटलान अस्मिता काही कमी प्रखर नाही. मात्र तेथे रुग्णाची भाषा विचारून खाट दिली जात नाही. खोऱ्यात राहतो तो हक्कदार, असा हिशेब आहे. भालकीच्या कन्नड रुग्णाला लातूरमध्ये आणि निलंग्याच्या मराठी रुग्णाला बीदरच्या वैद्यकीय संस्थेत एकाच अटीवर उपचार मिळतील, असा परस्पर करार झाला असता तर त्यास विरोध करणे कोणत्याही सरकारला जड गेले असते. प्रधानमंत्री जनआरोग्य योजनेचे कार्ड देशभर चालते हे खरे. परंतु केवळ राज्य योजनेचा लाभार्थी असलेल्या कुटुंबाचे संरक्षण साधारणतः राज्याच्या वेशीवर थांबते, आणि रुग्णाचा वैद्यकीय इतिहास तर अजूनही बहुधा प्लास्टिकच्या पिशवीतील फायलीतूनच सीमा ओलांडतो.

करार मात्र दोन सशक्त संस्थांमध्ये होऊ शकतो, हेही विसरता येणार नाही. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ऑक्टोबर २०२३च्या आरंभी २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. औषधटंचाई होती की नव्हती, यावरून आरोप-प्रत्यारोप झाले. रुग्णालय प्रशासनाने पुढे केलेले एक कारण असे, की सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या परिघात दुसरे मोठे रुग्णालय नसल्याने दूरदूरचे अत्यवस्थ रुग्ण शेवटच्या घटकेला येथेच येतात. त्यांत तेलंगणाच्या सीमेकडचेही असतात. खाटा आणि परिचारिका जिल्ह्याच्या लोकसंख्येवर मोजायच्या आणि रुग्ण मात्र तीन राज्यांच्या तोंडावरून येणार, हे गणित कधीही जुळणार नाही. धर्माबाद-बिलोलीकडील काही गावांनी मध्यंतरी तेलंगणात सामील होण्याची मागणी केली होती. तिच्याकडे राजकीय हट्ट म्हणून पाहण्यापेक्षा सुविधांच्या तुलनेचा तक्ता म्हणून पाहिले तर अधिक उलगडा होतो.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यासाठी ७० हजार कोटी रुपयांहून अधिक अनुदानाची शिफारस केली, तर ऑक्टोबर २०२१मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या आरोग्य पायाभूत सुविधा अभियानाचा आराखडा ६४,१८० कोटींचा होता. त्यातून जिल्हा प्रयोगशाळा आणि अतिदक्षता विभाग उभारावयाचे होते. हा पैसा जिल्ह्याजिल्ह्यांत स्वतंत्रपणे खर्च करावयाचा होता. दोन राज्यांतील शेजारी जिल्ह्यांनी मिळून एखादी सुविधा उभारली तर तिला जादा निधी, अशी अट वा आमिष त्यात नव्हते. युरोपने सेरदान्यात नेमके तेच आमिष वापरले.

निवडणूक जवळ आली की लातूर, बीदर, नांदेड, निजामाबादचे महसूल व पोलीस अधिकारी एकत्र बसतात. नाके कुठे लावायचे, मद्य आणि रोकड कशी अडवायची हे ठरवतात. त्याच मेजावर आरोग्य अधिकाऱ्यांना बसवण्यास घटनादुरुस्तीची आवश्यकता नाही. साथीच्या काळात रुग्णवाहिका कोणत्या रस्त्याने विनाअडथळा सोडायची, औरादच्या नाक्यावर रात्री दोन वाजता दूरध्वनी कोणी उचलायचा, डेंग्यू किंवा गॅस्ट्रोचा उद्रेक झाल्यास पलीकडच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याला थेट कळवायचे की मुंबई-बंगळूरमार्गे, आणि एकमेकांच्या रुग्णांचा हिशेब वर्षाअखेरीस कसा चुकता करायचा, एवढे चार-पाच मुद्दे दोन पानांच्या करारात मावतील. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ साली, आपत्तीचा आराखडा आधीच लिहून ठेवावा लागतो हे राज्याला ज्या परिसराने शिकवले, त्यात निलंगा तालुकाही होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी मे २०२५मध्ये साथरोग करार स्वीकारला. त्यात देशादेशांनी एकमेकांना माहिती व लशी देण्याची भाषा आहे, आणि ज्या इटलीला २०२०मध्ये कोणी मुखपट्ट्या दिल्या नाहीत ती त्यावरील मतदानात तटस्थ राहिली. लातूर आणि बीदर यांच्यातील दोन पानांसाठी जिनिव्हाला जाण्याचे कारण नाही. ती मुंबई व बंगळूर येथील आरोग्य सचिवांच्या सहीने होऊ शकतात.